नाणेघाट : स्थळदर्शन आणि स्थळवाचन

इतिहास विभागांच्या शैक्षणिक सहलींमध्ये ऐतिहासिक स्थळे आवर्जून दाखविली जातात. मात्र त्यांचे वाचन क्वचितच होते. पाहणे आणि वाचणे यांतील हे अंतर पुणे जिल्ह्यातील जुन्नरजवळच्या नाणेघाटात विशेषत्वाने जाणवते.

नाणेघाट हा कोकण व देश यांना जोडणारा प्राचीन मार्ग होय. कल्याण व सोपारा या बंदरांचा जुन्नर परिसराशी असलेला व्यापारी संबंध या वाटेने साधला जात असे. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकली जात व त्यावरून घाटास हे नाव पडले, अशी परंपरा आहे. मार्गाचे महत्त्व लक्षात घेता ती असंभाव्य म्हणता येत नाही. तथापि, जवळच्याच लेण्यातील शिलालेखात जकातीचा उल्लेख आढळत नाही.

हा लेख प्राकृत भाषेत व ब्राह्मी लिपीत असून लेण्याच्या डाव्या व उजव्या भिंतींवर कोरलेला आहे. तो सातवाहन राणी नागनिकेशी निगडित मानला जातो. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य व चार लोकपाल यांना वंदन असून पुढे अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि गायी, हत्ती, घोडे, कार्षापणे अशा दक्षिणांची नोंद आहे. दक्षिणेच्या संख्या अंकचिन्हांत कोरल्या असल्याने भारतीय अंकलेखनाच्या इतिहासातही या लेखास मोलाचे स्थान आहे.

विल्यम साइक्स यांनी १८२८ मध्ये या लेखाकडे लक्ष वेधले, तेव्हा ब्राह्मी लिपीचा उलगडा झालेला नव्हता. जेम्स प्रिन्सेप यांनी तो १८३७ मध्ये पूर्ण केला. त्यानंतर भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर आदी संशोधकांच्या परिश्रमांमुळे लेखाचा अर्थ लागत गेला. साइक्स यांच्यापुढे न वाचलेली लिपी होती. आजच्या विद्यार्थ्यास वाचन उपलब्ध आहे. तरीही तो रांजणाची कथा ऐकून परततो, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

लेण्याच्या मागील भिंतीवर सिमुक, नागनिका, सातकर्णी आदींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांच्या पावलांचे अवशेष व वरील नावांचा काही भाग एवढेच शिल्लक आहे. शिलालेखाचीही बरीच अक्षरे झिजली आहेत. प्रत्यक्ष स्थळी वाचन करण्याची संधी कायम राहील, असे गृहीत धरता येत नाही.

स्थळवाचनास परिसराचीही जोड हवी. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील लेखांत धान्यव्यापारी, बांबूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख येतात. घाटातील राजघराण्याचे वैदिक यज्ञ आणि जुन्नरच्या कारागिरांचा बौद्ध संघास असलेला आश्रय एकत्र अभ्यासल्यास सातवाहनकालीन समाजाचे व्यापक चित्र उभे राहते. एकच स्थळ पाहून ते हाती येत नाही.

म्हणून सहलीपूर्वी शिलालेखाचे लिप्यंतर व मराठी अर्थ वर्गात अभ्यासला जावा. स्थळी विद्यार्थ्यांनी किमान राजनामे व अंकचिन्हे ओळखावीत आणि परंपरा व पुरावा यांची स्वतंत्र नोंद करावी. रांजणाची कथा सांगण्यास प्रत्यवाय नाही. ती परंपरा म्हणूनच सांगितली जावी, एवढी दक्षता इतिहासाच्या अध्यापकाकडून अपेक्षित आहे.