पिलांच्या पायांतले वाळे

तान्ह्या मुलाच्या पायांत आपण वाळे घालतो ते कौतुकाने. पक्ष्याच्या पिलाच्या पायात जो वाळा घालतात, तो मात्र चौकशीसाठी. हा पक्षी जातो कुठे?

१८९९ साली डेन्मार्कमधल्या व्हिबोर्ग गावी मॉर्टेन्सन नावाच्या शाळामास्तरांनी साळुंकीच्या जातभाईंच्या पायांत ॲल्युमिनियमचे वाळे चढवले. प्रत्येकावर आकडा आणि पत्ता. आपल्याकडे हा उद्योग १९२६ च्या सुमारास सुरू झाला तो धार संस्थानात. म्हणजे पुन्हा मराठ्यांच्या, पवारांच्याच घरी! बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने दिलेल्या वाळ्यांवर ‘मुंबईला कळवा’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना कोरलेली असे. पुढे १९५७ साली म्हैसूर राज्यात क्यासनूरच्या जंगलात एक नवाच ताप उद्भवला. त्याचे विषाणू रशियातल्या विषाणूंसारखे. तेव्हा पाहुण्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांचा संशय आला. १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अलींनी वाळ्यांचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. तापाने शास्त्राला असा हातभार लावला.

नगर जिल्ह्यात नेवासे-शेवगावकडे, जायकवाडीच्या पाण्यावर, पिवळ्या चोचीचा नदी सुरय घिरट्या घालताना पुष्कळांनी पाहिला असेल. त्याचे दर्यावर्दी भाऊबंद वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर वीण करतात. १८७५ साली ह्यूम तिथे जाऊन आले. हुमायून अब्दुलालींनी १९४० आणि १९४२ साली सोसायटीच्या नियतकालिकात त्या वस्तीवर लिहिले. घरटे म्हणावे असे काही नसतेच. उघड्या दगडावर अंडे. पावसाळ्यात उसळलेल्या दर्यात होडी लागणे कठीण, हीच त्या वस्तीची तटबंदी.

अशा वस्तीत वाळे घालणे हे नाजूक काम. पिलू उडायला लागले की हाती येत नाही. पण त्याची तंगडी त्याआधीच पुरती वाढलेली असते, म्हणून तेव्हाच घातलेला वाळा पुढे काचत नाही. माणूस वस्तीत शिरला की सगळा थवा कलकलाट करीत वर उठतो. खाली अंडी-पिले उन्हात उघडी पडतात, आणि कावळे टपलेलेच असतात. म्हणून ऊन तापण्याआधी जायचे, थोडकी पिले हाताळायची आणि लगेच काढता पाय घ्यायचा. आकड्यांच्या हावेने वस्ती उठवली, तर मग चौकशी कुणाची करायची? शिवाय खाऱ्या पाण्याने ॲल्युमिनियम झिजते, अक्षरे पुसतात. समुद्रपक्ष्यांना त्याहून चिवट धातू लागतो.

फळ काय, म्हणाल? १९८२ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या फार्न बेटांवर उत्तरध्रुवीय सुरयाच्या एका पिलाला वाळा घातला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते ऑस्ट्रेलियात मेलबर्नला सापडले. तीनेक महिन्यांत २२,००० किलोमीटरांहून अधिक प्रवास!

ही बातमी पोचवणारा बहुधा शास्त्रज्ञ नसतो. कुणी कोळी, कुणी शेतकरी. एखादा वाळेवाला पक्षी जाळ्यात किंवा शेतात सापडलाच, तर आकडा, गाव नि तारीख टिपून मुंबईला सोसायटीकडे कळवावी. पक्षी जिवंत असला तर वाळा काढू नये; तो पायात तसाच ठेवून पक्ष्याला सोडून द्यावे.