पंचवीस नंबरच्या पलटणीबरोबर

१४ जून १८९७. पहाट. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, फोर्ट मिसूला या लष्करी ठाण्यात तुम्ही सायकल धरून उभे आहात. भोवती पंचवीस नंबरच्या पायदळ पलटणीतले वीस कृष्णवर्णीय जवान, सोबत एक डॉक्टर, एक वार्ताहर आणि गोरे अधिकारी लेफ्टनंट जेम्स मॉस. सायकलला दाणा-वैरण लागत नाही, ती खिंकाळतही नाही. तेव्हा फौजेत घोड्याचं काम ती करू शकेल, हे मॉसना सिद्ध करायचंय. त्यासाठी गाठायचंय सेंट लुईस, सुमारे ३,०५० किलोमीटर.

हँडलला घोंगडीची वळकटी, दांडीखाली चामडी पेटी, पाठीवर रायफल, कमरेला पन्नास काडतुसं. सामानासकट सायकल पंचवीस किलोंच्या वर गेलीय.

पाऊस सुरू होतो आणि वाट संपते. गाड्यांच्या चाकोऱ्यांतली चिकणमाती चिमट्यात गच्च बसते, चाक जागच्या जागी अडतं. उतरायचं, काटकीने माती खरवडायची, चार पावलं जायचं, पुन्हा उतरायचं. शेवटी सगळे रेल्वेच्या रुळांत शिरतात. एकेका स्लीपरवर दातावर दात आपटतो, पण निदान चाक फिरतं.

पुढे नदी. वितळलेल्या बर्फाचं पाणी, पायाखाली शेवाळलेले गोटे. उथळ असेल तिथे सायकल खांद्यावर. खोल असेल तिथे दोघांच्या खांद्यावर वासा आणि त्याला टांगलेली सायकल, दुर्गम पाड्यावरच्या आजाऱ्याला झोळीतून नेतात तशी. मागचं टोक तुमच्याकडे. पुढच्याचा पाय सरकला की वासा तुमच्या मानेत रुततो. हात मोकळा नाही, थांबायची सोय नाही.

रॉकी पर्वताच्या मलन खिंडीत जूनमध्ये बर्फ लागतं. नेब्रास्कात जुलैचं ऊन, चाक गिळणारी वाळू आणि पोट बिघडवणारं क्षारयुक्त पाणी. सायकल ढकलण्याखेरीज गत्यंतर नसतं. सार्जंट मिंगो सँडर्स तुमच्याच रांगेत आहेत.

२४ जुलैला सेंट लुईसमध्ये स्वागताला गर्दी लोटते. टाळ्या वाजतात, तुम्हाला मात्र पुढचं ठाऊक आहे. परतीचा प्रवास रेल्वेने होईल आणि सायकल पलटणीचा बेत मागे पडेल. १९०६ मध्ये टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावात गोळीबार होईल, आळ या पलटणीवर येईल आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १६७ जवानांना खटल्याविना बडतर्फ करतील. पेन्शन तोंडावर आलेले सँडर्स त्यांत असतील. तो कलंक लष्कर पुसेल १९७२ मध्ये, सँडर्स गेल्यानंतर कित्येक वर्षांनी.

ही मोहीम सायकलचा पराक्रम म्हणून सांगतात. तुम्ही गावी परतल्यावर तशी सांगू नका. चिखलात, वाळूत आणि नदीत सायकलनेच या माणसांवर स्वारी केली होती.