बालकांची जीवविषयक समज
बालकांची जीवविषयक समज : सजीव, शरीर, आरोग्य व आजार यांविषयी मुलांच्या मनात शालेय शिक्षणापूर्वीच घडणारी संकल्पनांची चौकट. स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे (१८९६–१९८०) यांच्या निरीक्षणानुसार लहान मुले सूर्य, ढग अशा हलणाऱ्या वस्तूंनाही सजीव मानतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सूझन केरी यांनी १९८५ मध्ये असे मांडले की, मुले इतर प्राण्यांचे गुणधर्म माणसावरून ताडतात व स्वतंत्र जीवशास्त्रीय विचार सुमारे दहाव्या वर्षापर्यंत आकारास येतो. जपानी संशोधक कायोको इनागाकी व गियू हातानो यांना मात्र पाच-सहा वर्षांच्या मुलांतही जीवनशक्तीची कल्पना आढळली : अन्नपाण्यातून शक्ती मिळते, तिच्यामुळे शरीर वाढते व रोगाला तोंड देते.

आजार म्हणजे खोडीची शिक्षा, असा समजही लहान वयात दिसतो. संसर्गाची जाण शाळापूर्व वयात असते. मात्र जंतू सजीव असून शरीरात वाढतात, हे पुढे उमगते. म्हणून आजारी मुलाला आजाराचे खरे कारण सोप्या शब्दांत सांगावे आणि त्यात त्याचा दोष नाही, हेही आवर्जून समजवावे.