कोरड्या धुलाईची आग



कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत यावे ते संपावर, पगारावर किंवा फार तर गिरण्यांच्या इतिहासावर बोलावयास, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आम्ही मात्र आज कपड्यावरच्या डागाविषयी बोलणार आहोत. शालूवर तेलाचा थेंब सांडला, तर आपल्या आज्या तो रिठ्याच्या पाण्याने काढीत. निघाला तर निघाला, नाहीतर पदराची घडी अशी घालीत की डाग आत जाई. पुढे शहरांतून दुकाने निघाली. शालू टाकावा, पावती घ्यावी, चार दिवसांनी कागदात घातलेली घडी घरी आणावी. मधल्या चार दिवसांत शालूचे काय होते आणि ते करणाऱ्या माणसाचे काय होते, हे विचारण्याचे कारण गिऱ्हाइकाला पडत नाही. आम्हाला पडले, कारण एकोणिसाव्या वर्षी आम्ही तेच काम करीत होतो. ती हकीकत पुढे येईल.

‘कोरडी धुलाई’ हे नावच मुळी फसवे आहे. ड्रायक्लीनिंगमध्ये कपडा चांगला चिंब भिजतो. फक्त पाण्याने नव्हे. लोकर पाण्याने आटते, रेशमाची झळाळी जाते, आणि तेलाचा डाग तर पाण्याला दाद देत नाही. तेल विरघळते ते तेलाच्याच जातीच्या द्रवात. तो द्रव भरभर उडून गेला पाहिजे, म्हणजे कपड्यात मागे काही राहत नाही. आता भरभर उडणारे तेल म्हणजे भरभर पेटणारे तेल. जो गुण धुलाईला हवा तोच आगीलाही हवा असतो. या धंद्याचा दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे या एका अडचणीशी केलेली झटापट आहे.

त्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर एक कृष्णवर्णीय शिंपी भेटतो. थॉमस जेनिंग्ज हा न्यूयॉर्कमधला स्वतंत्र नागरिक. पाण्याशिवाय कपडे स्वच्छ करण्याच्या रीतीचे पेटंट त्याने १८२१ साली मिळविले. अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाला मिळालेले हे पहिले पेटंट मानतात. त्याची पत्नी गुलामगिरीत जन्मलेली होती. मिळालेल्या पैशांतून त्याने आपल्या माणसांना मुक्त केले. त्याची रीत काय होती, हे मात्र आज कुणालाच सांगता येत नाही. १८३६ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनचे पेटंट कार्यालय जळाले आणि त्यात त्याचा कागदही गेला. धुलाईच्या इतिहासाचे पहिले पान आगीने खावे, हा योग विचित्र खरा.

पॅरिसमध्ये जॉली नावाच्या रंगाऱ्याची गोष्ट सांगतात. घरातल्या बाईच्या हातून मेजावरच्या कापडावर दिवा कलंडला, आणि जेथे दिव्यातले तेल सांडले तेवढाच भाग स्वच्छ झाला. गोष्ट खरी असो वा रचलेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये जॉली घराण्याचा कोरड्या धुलाईचा धंदा जोरात होता, एवढे निश्चित. आम्हाला त्या गोष्टीत एकच आश्चर्य वाटते : दिवा कलंडला आणि घर पेटले नाही.

परंतु ज्या माणसापाशी आम्हाला थोडे थांबावयाचे आहे तो निराळाच. मायकेल फॅरडेने १८२५ साली दिव्याच्या गॅसच्या तेलकट गाळातून एक द्रव वेगळा केला. त्यालाच पुढे बेन्झीन म्हणू लागले. तो प्रयोगशाळेपुरता होता. कोळशाच्या डांबरातून तो भरपूर कसा काढावा, हे लंडनमध्ये हॉफमनच्या हाताखाली शिकणाऱ्या चार्ल्स मॅन्सफील्ड या तरुणाने १८४८ च्या सुमारास दाखवून दिले. पुढे रंगांचे मोठमोठे कारखाने उभे राहिले ते याच पायावर. त्याचा नफा इतरांनी घेतला. हा मॅन्सफील्ड आमच्या बिरादरीतला होता म्हणून आम्हाला त्याचे अगत्य. तो मॉरिस आणि किंग्जले यांच्या समाजवादी मंडळीत होता. १८४९ साली लंडनमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा बर्मंडसीच्या मजूरवस्तीत गटाराने नासलेल्या पाण्याऐवजी स्वच्छ पाणी पोहोचविण्याच्या कामात तो राबला. त्याच मंडळीने शिंप्यांची पिळवणूक थांबावी म्हणून शिंप्यांचे सहकारी दुकान काढले.

१८५५ साली पॅरिसला मोठे प्रदर्शन भरावयाचे होते. त्यासाठी बेन्झीनचे नमुने तयार करावे म्हणून त्याने लंडनच्या सेंट जॉन्स वुड भागात एका घरात खोली घेतली. १७ फेब्रुवारीला नॅफ्था उकळत असलेले भांडे उतू गेले आणि पेटले. घर वाचावे म्हणून मॅन्सफील्डने ते जळते भांडे हातांनी उचलले आणि रस्त्यावर नेऊ लागला. नऊ दिवसांनी तो इस्पितळात वारला. वयाची छत्तीस वर्षेही पुरी झाली नव्हती. बेन्झीनविषयी त्याच्याइतके जाणणारा माणूस त्या वेळी इंग्लंडात क्वचितच असेल. पेटलेले भांडे उचलावयाचे नसते, झाकावयाचे असते. चालू लागले की द्रव हिंदकळतो आणि ज्वाळा वाऱ्याने अंगावर येते. तरीही त्याने ते उचलले, कारण घर वाचवावयाचे होते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर आहे. द्रव जळत नाही; त्याची वाफ जळते. पेट्रोलची वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड असते. ती वर जात नाही. जमिनीवरून पाण्यासारखी सरकते, पायऱ्या उतरते, मोरीत साचते. शंभर भाग हवेत दीड भाग वाफ मिसळली की भडक्याला तेवढे पुरते. आठ भागांच्या वर गेली तर ती पेटत नाही, कारण हवा कमी पडते. म्हणून भरलेल्या डब्यापेक्षा रिकामा डबा अधिक घातकी. त्यात तेल नसते, पण वाफ आणि हवा यांचा नेमका मेळ असतो. आम्ही एकदा हिशेब केला. एक लिटर पेट्रोल उडाले तर सुमारे दोनशे लिटर वाफ होते. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी बंद खोली घेतली, तर एवढी वाफ त्या खोलीत छातीच्या उंचीपर्यंत भडक्याचे मिश्रण भरू शकते. एका लिटरची ही करामत. दुकानात तर पत्र्याचे डबेच्या डबे असत.

बेन्झीनच्या मागोमाग पेट्रोलचे हलके तेल आले. मोटारी येण्यापूर्वी तेल गाळणाऱ्यांना दिव्याचे रॉकेल तेवढे हवे असे. हलके तेल त्यांना नकोसे होते. ते धुलाईवाल्यांना स्वस्तात मिळू लागले. मग युरोपात एक चमत्कारिक प्रकार दिसू लागला. दुकानात दिवा नाही, चूल नाही, कुणी विडी ओढीत नाही, आणि तरी हौद पेटतो. मालकांनी अर्थातच कामगारांच्या खिशांत काड्या शोधल्या. रिख्टर नावाच्या जर्मन रसायनज्ञाने या आगींवर १८९३ साली पुस्तकच प्रसिद्ध केले. त्याने दाखविले की लोकरीचे किंवा रेशमाचे कापड पेट्रोलसारख्या द्रवातून घुसळून बाहेर ओढले, तर घर्षणाने त्यावर वीज साचते. हवा कोरडी असली तर अधिक. कामगाराचे बोट हौदाच्या काठाजवळ गेले की ठिणगी उडते. उपायही त्यानेच सुचविला : मॅग्नेशियमचा एक साबण चिमूटभर त्या द्रवात विरघळवावा, म्हणजे वीज साचत नाही. काडी कामगाराच्या खिशात नव्हती. ती मालकाच्या हौदात होती.

कायद्याची गोष्ट थोडक्यात. तेल कितपत घातकी हे ठरवावयाचे, तर ते कोणत्या उष्णतामानाला भडक्यापुरती वाफ सोडू लागते ते मोजावे लागते. यालाच फ्लॅश पॉइंट म्हणतात. फ्रेडरिक एबल याने झाकणाच्या पेल्यात ते मोजण्याची रीत बसविली आणि १८७९ साली इंग्लंडने ती कायद्यात घेतली. मर्यादा ७३ अंश फॅरनहाइट. आपल्याकडे १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने ती ७६ धरली. बेन्झीनचा हा अंक शून्याखाली ११ सेल्सिअस, पेट्रोलचा शून्याखाली ४० च्या आसपास. म्हणजे ही तेले हिमालयावरही पेटावयास तयार. अमेरिकेत अटलांटाच्या स्टोडर्ड नावाच्या धुलाईवाल्याने १९२० नंतरच्या दशकात पुढाकार घेतला आणि शंभर अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ३८ सेल्सिअसच्या, खाली न भडकणारे तेल ठरविण्यात आले. १९२८ साली ते तेथील सरकारी प्रमाण झाले. एका धंदेवाल्यानेच हे केले, हे मान्य केले पाहिजे. मालकवर्गाविषयी आम्ही नेहमीच वाईट बोलतो असा आमच्यावर आरोप आहे.

आपल्याकडच्या दुकानांतून पेट्रोलच्या जागी पुष्कळ ठिकाणी मिनरल टर्पेंटाइन आले; धंद्यातली माणसे त्याला एमटीओ म्हणतात. ते पेट्रोलहून पुष्कळ बरे, यात शंका नाही. पण त्याचा फ्लॅश पॉइंट तिसाच्या किंचित वर. थंड देशात तेवढे अंतर पुरते. नागपुरात मे महिन्यात दुपारचा पारा पंचेचाळिसापर्यंत जातो, आणि पत्र्याच्या छपराखाली, शेजारी इस्त्रीची शेगडी असताना तो किती असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. इंग्लंडात जे तेल सुरक्षित ते विदर्भात सुरक्षित, असे मानणे म्हणजे लोकरीचा कोट घालून नांगर धरणे होय.

मुळीच न पेटणारी द्रव्येही निघाली : कार्बन टेट्राक्लोराइड, मग ट्रायक्लोरोएथिलीन, मग पर्क्लोरोएथिलीन. आग गेली, पण यकृत आणि मेंदू यांच्यावर घाला आला. बेन्झीनने तर आधीच दोन्ही बाजूंनी मारले होते. स्वीडनमधल्या उप्साला येथे सायकलचे टायर करणाऱ्या कारखान्यात बेन्झीनच्या वाफेने रक्त आटून चार तरुण मुली मेल्या, हे सँटेसनने १८९७ साली नोंदविले. अमेरिकेने पर्क्लोरोएथिलीन धुलाईतून दहा वर्षांत हद्दपार करण्याचा नियम काढला तो २०२४ च्या डिसेंबरात. तोवर ते द्रव्य कित्येक दशके आगीवरचा उपाय म्हणूनच विकले जात होते.

आता आमची हकीकत. १९८९ साली आम्ही मुंबईत परळच्या एका गल्लीतल्या धुलाईच्या दुकानात होतो. सहा माणसे. दहापेक्षा कमी माणसे असली की त्या वेळचा १९४८ चा कारखाना कायदा सहसा लागू होत नसे. सरकारने मनात आणले तर ८५ व्या कलमाने लहान जागाही त्याखाली घेता येत, पण आमच्या गल्लीकडे कुणाचे मन वळले नव्हते. (२०२० च्या नव्या संहितेने दहाची ही संख्या वीस केली. असो.) मागच्या खोलीत एक वयस्क कारागीर रेशमावरचे डाग पेट्रोलने काढीत. सारे त्यांना मामा म्हणत. पुढच्या खोलीत जमिनीवर इस्त्रीच्या कोळशाची शेगडी असे. मधले अंतर बारा-तेरा फूट. एका दुपारी मामांच्या हातून वाडगा उपडा झाला. मामा फडके आणावयास वळले तोच शेगडीपासून निळी रेघ जमिनीवरून मागे धावत गेली. आम्ही ती डोळ्यांनी पाहिली. मामांचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत आणि उजवा हात भाजला.

मालकाचे म्हणणे पडले की मामा विडी ओढीत होते. यात मेख होती. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात अशी तरतूद होती की जखमी कामगाराने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला असेल, तर मालकावर भरपाईची जबाबदारी नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीवर ‘धूम्रपान मनाई’ अशी पाटी आली. आम्ही बोट लावून पाहिले. रंग ओला होता. आणि मामा जन्मात विडी ओढले नव्हते, तपकीर ओढीत.

आम्ही शाळा सातवीत सोडलेली. वाफ जड असते हे आम्हाला कुठले ठाऊक! पण निळी रेघ डोळ्यांपुढून जाईना. म्हणून दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसू लागलो, आणि रात्रशाळेतल्या एका गुरुजींना गाठले. त्यांनी चाळीच्या अंगणात प्रयोग मांडला. छपराच्या पन्हळीचा सहा फुटी पत्रा तिरका ठेवला, खालच्या टोकाला मेणबत्ती लावली आणि वरच्या टोकाला पेट्रोलचा बोळा ठेवला. युनियनच्या चिटणिसांनी मालकांना आग्रहाने बोलावून आणले होते. सगळे मेणबत्तीकडे पाहत उभे राहिले. थोडा वेळ काहीच झाले नाही. मग पन्हळीतून ज्योत सरसर वर चढली आणि बोळा पेटला.

“मामांच्या हातात काय होते, शेठ?” गुरुजींनी विचारले.

“फडके,” मालक म्हणाले.

त्यानंतर विडीचे नाव निघाले नाही. भरपाई मिळाली ती हक्काच्या रकमेहून कमी, तीही तडजोडीने आणि दीड वर्षाने. तोवर मामांची पत्नी घरोघर पोळ्या लाटीत होती. मामांची बोटे पुरती मिटेनात, म्हणून डाग काढण्याचे काम सुटले. आम्ही मात्र त्या अंगणातून जे युनियनच्या कचेरीत गेलो ते आजवर तेथेच आहोत.

मध्यंतरी त्याच गल्लीतून जाण्याचा योग आला. दुकान आहे, मालकांचा मुलगा चालवितो. पेट्रोल बंद झाले आहे, एमटीओ आले आहे, कोळशाच्या जागी विजेची इस्त्री आहे. मुलाने अगत्याने चहा दिला आणि वाफ ओढून घेण्यासाठी मुद्दाम बसविलेला पंखा दाखविला. पंखा चांगला होता, आवाजही करीत नव्हता. तो छताला टेकून बसविला होता. आम्ही स्टूल मागितले, खाली बसलो, आणि भिंतीत जमिनीपासून वीतभर उंचीवर खडूने एक चौकोन काढून दिला.