पाण्याचे दस्तक, आभाळाचे दस्तक

कल्याण बंदराविषयीची एक फार जुनी नोंद एका ग्रीक पुस्तकात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'चा कर्ता कोण होता हे कळत नाही. बहुधा तो व्यापारी असावा. तो सांगतो, की कल्याण हे पूर्वी रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे अंमल बदलला, आणि चुकूनमाकून तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. म्हणजे कोण आलास, कोणाच्या परवानगीने आलास, हा प्रश्न कल्याणच्या खाडीत दोन हजार वर्षांपूर्वीच विचारला गेला होता. आज तोच प्रश्न खाडीच्या वरच्या आभाळात विचारला जात आहे. ठाण्या-डोंबिवलीच्या लग्नमंडपावर घरघरत चित्रे टिपणाऱ्या ड्रोनला आता क्रमांक लागतो, आणि तो उडवणाऱ्याला प्रमाणपत्र. लोकांना ही नवी कटकट वाटते. इतिहासाला तिची ओळख जुनी आहे.

अरबी समुद्रावर परवान्याची सक्ती बसवली ती पोर्तुगीजांनी. सोळाव्या शतकाच्या आरंभीच त्यांनी 'कार्ताज' नावाचे दस्तक काढले. जहाजाचे नाव, तांडेल कोण, माल कोणता, हत्यारे किती, जाणार कोठे, हे सारे त्यात लिहिलेले असे. आणि जकात भरण्यासाठी पोर्तुगीजांच्या बंदराला लागणे भाग असे. कागद नसेल तर जहाज जप्त. समुद्र हा तोवर कोणाच्या मालकीचा नव्हता. या कागदाने त्याला मालक दिला. १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख त्यांच्याकडे गेला आणि ठाण्याची खाडीही त्यांच्या नजरेखाली आली. हजला जाणाऱ्या मोगल बादशाही जहाजांनाही हा कागद घ्यावा लागे. बरे, कागद घेऊन तरी निर्धास्त राहावे, तर तेही नाही. १६१३ साली जहांगिराच्या आईचे 'रहीमी' जहाज कार्ताज जवळ असतानाही पोर्तुगीजांनी धरले. मागणाऱ्याने नियम पाळला, देणाऱ्याने मोडला. त्यातून मोगल आणि पोर्तुगीज यांच्यात उघड वैर माजले.

पण या कथेतला आपल्याला जवळचा भाग कल्याणात घडला. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या हाती आली. लवकरच कल्याण, भिवंडी आणि पनवेल येथे लढाऊ गलबते बांधण्याचे काम निघाले. कारागिरांवर रुय लैतांव व्हिएगश नावाचा पोर्तुगीज होता. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. कल्याणहून समुद्राकडे जायला वाटा दोनच. एक उल्हासच्या पाण्याने वसईकडे, दुसरी ठाण्याच्या खाडीने मुंबईकडे; आणि १६५९ साली दोन्हींच्या तोंडाशी पोर्तुगीज बसलेले. त्यांनी उघड युद्ध केले नाही. व्हिएगशला आणि त्याच्या माणसांना फितवून काम सोडायला लावले. गलबते पाण्यात उतरली तरी बाहेर पडू नयेत, हा हेतू. परिणाम मात्र उलटा झाला. ज्याला वाट मागून मिळत नाही तो वाट मागणे सोडतो. महाराजांचे आरमार वाढतच गेले, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःच दस्तके द्यायला सुरुवात केली.

कान्होजींचा आणि मुंबईकर इंग्रजांचा तंटा मुळात या दस्तकाचाच होता. कंपनीची स्वतःची जहाजे एक वेळ वेगळी. पण कंपनीच्या कागदावर देशी सावकारांचा माल फिरू लागला, तर कोकणच्या किनाऱ्याचा धनी कोण? इंग्रजांनी कान्होजींना चाचा ठरवले. समुद्रावर ज्याचे दस्तक चालते ते सरकार, ज्याचे नाकारले जाते तो चाचा, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने मात्र या प्रश्नाची दुसरी बाजू ओळखली आहे. कौल घेतलेल्या सावकाराच्या तरांड्याला उपद्रव होऊ देऊ नये, असा त्यातील दंडक आहे. परवाना घेणाऱ्यावर जसे बंधन, तसे देणाऱ्यावरही. 'रहीमी'च्या वेळी पोर्तुगीजांना जे सुचले नाही ते येथे लिहून ठेवले आहे.

आता आभाळाकडे वळू. हिंदुस्थानात विमानांविषयीचा पहिला कायदा १९११ सालचा. विमानच तेव्हा नवलाईचे होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना देशातला पहिला वैमानिकी परवाना मिळाला. त्यावर क्रमांक १ होता. पुढे १९३४ च्या कायद्याने विमानाची जी व्याख्या केली तिच्यात फुगे आणि ग्लायडर यांच्याबरोबर पतंगही बसला. संक्रांतीला गच्चीवर मांजा धरणारा पोरगा कायद्याच्या अक्षराने वैमानिकच म्हणायचा! कायदे करणाऱ्यांची दृष्टी दूरवर होती की शब्द सैल होते, हे वाचकांनीच ठरवावे.

ड्रोन आले तेव्हा मात्र सरकारने आधी कार्ताजही दिला नाही. ७ ऑक्टोबर २०१४ च्या सूचनेने, नियम होईपर्यंत, खासगी ड्रोन उडवण्यास बंदी झाली. नियम झाले ते २०१८ साली. मधली चार वर्षे लग्ने थांबली नाहीत आणि त्यांचे आभाळातून होणारे चित्रणही थांबले नाही. परवाना मिळण्याची सोयच नव्हती, म्हणून इमानी छायाचित्रकारही नियमभंगी ठरला.

२५ ऑगस्ट २०२१ च्या नियमांनी हे बरेच बदलले. अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर आले, शुल्कांचे प्रकार ७२ वरून ४ वर. नोंदणीचे शुल्क १०० रुपये. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला, आणि हौसेखातर उडवायच्या २ किलोपर्यंतच्या सूक्ष्म ड्रोनला, चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. पैसे घेऊन तेच सूक्ष्म यंत्र उडवायचे तर लागते: वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण, मान्य संस्थेत शिक्षण. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत मोकळीक. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते. जाचक म्हणावे असे यात फारसे नाही. रेल्वेच्या तारा, उच्च दाबाच्या वाहिन्या आणि खालची गर्दी पाहिली, तर डोंबिवलीच्या आभाळात यंत्र पडल्यावर ते कोणाचे हे कळले पाहिजे, ही मागणी रास्तच आहे.

पण एक गाठ उरते. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, आणि नॅनोहून मोठ्या यंत्राला क्रमांक मिळण्यासाठी सहसा त्याच्या नमुन्याला प्रकार-प्रमाणपत्र असावे लागते. आधी कर्ज काढून परदेशी यंत्र घेतलेल्या धंदेवाईकाने खिडकीशी जावे तरी कोणत्या तोंडाने? हा माणूस वाट चुकवतो तो खोड म्हणून नव्हे. वाटेवरचे दार त्याला बंद दिसते म्हणून.

म्हणून परवाना असावा की नसावा, हा वाद मला पोकळ वाटतो. जेथे वाट अनेकांची असते तेथे कागद आलाच. पाहायचे ते एवढेच, की मागणाऱ्याला तो खरोखर मिळतो काय, आणि मिळाल्यावर देणारा त्याचा मान राखतो काय. पहिले नसेल तर चाचे निर्माण होतात. दुसरे नसेल तर 'रहीमी' धरले जाते. दुर्गाडीखालच्या खाडीने दोन्ही पाहिले आहे.