लाल गालिचा आणि तपासणीची रांग

न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एक इमारत अशी आहे की २००१ सालानंतर तिच्यातून एकही विमान सुटलेले नाही. तरीही विमानतळांच्या इतिहासाविषयी काही म्हणायचे तर आम्हांस तिच्यापासूनच आरंभ करावासा वाटतो. ती इमारत म्हणजे ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स, अर्थात टीडब्ल्यूए, या कंपनीचे टर्मिनल. २८ मे १९६२ रोजी तिचे उद्घाटन झाले तेव्हा विमानतळाचे नाव आयडलवाइल्ड होते. केनेडींचे नाव त्याला १९६३ च्या डिसेंबरात, त्यांच्या हत्येनंतर, मिळाले. वास्तुकार ईरो सारिनेन मात्र उद्घाटनाला नव्हते. १९६१ च्या सप्टेंबरात, वयाच्या ५१व्या वर्षी, मेंदूच्या विकाराने त्यांचे निधन झाले होते.

इमारतीचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, आणि बहुतेकांना पंख पसरलेला पक्षीच दिसला आहे. स्वतः सारिनेन ही उपमा फारशी मानत नसत. प्रवासाला निघताना मनात जी उत्कंठा दाटते तिला आकार द्यावा, एवढाच आपला हेतू असल्याचे ते सांगत. चार काँक्रीटची कवचे, वाय अक्षरासारख्या चार खांबांवर तोललेली, आणि त्यांच्यामधल्या फटींतून आत उतरणारा उजेड. आत शिरल्यावर काटकोन म्हणून सापडत नाही. भिंत कोठे संपली व छत कोठे सुरू झाले हे सांगता येऊ नये, अशी जिन्यांची, कठड्यांची, चौकशीच्या टेबलाचीही वळणे. मध्यभागी खोलगट बैठक, तिच्यावर मिरचीसारखा लाल गालिचा. समोर भली थोरली काच, आणि काचेपलीकडे विमाने. हे छत सुचले कसे याची एक गंमतीची हकिकत त्यांचे सहकारी केविन रोश सांगत: न्याहारीच्या वेळी सारिनेन ग्रेपफ्रूटची रिकामी साल वरून दाबून पाहत बसले होते म्हणे. हकिकत खरी असो वा रंगवलेली, त्या काळी असले आकार कागदावर आधी रेखून चालत नसे हे मात्र खरे. मोठमोठ्या प्रतिकृती करून, त्या पुन्हा पुन्हा कापून-जोडून मगच आराखडे काढले गेले. संगणक नव्हता, हे तरुण वाचकांना मुद्दाम सांगायला हवे. ज्या वर्षी हे चालू होते त्याच सुमारास, १९५७ मध्ये, सिडनीच्या ऑपेरा हाउससाठी उट्झन यांचा आराखडा निवडणाऱ्या परीक्षकांत सारिनेन होते, ही गोष्टही विसरण्याजोगी नाही.

पण आमचा विषय वास्तुकला हा नाही. या इमारतीने प्रवासी म्हणून कोणाला गृहीत धरले होते, हा आहे.

तिने गृहीत धरलेला माणूस मोटारीतून उतरतो, सामान देतो, नातलगांसह बैठकीत येऊन बसतो, फळ्या फडफडवत बदलणाऱ्या इटालियन फलकावर आपल्या विमानाची वेळ पाहतो. मग नळीसारख्या लांब, अर्धगोल बोगद्यातून लाल गालिच्यावरून चालत विमानाकडे जातो, आणि नातलगही त्याच्यासोबत चालू शकतात. वाटेत त्याला कोणी अडवत नाही. त्याची पिशवी कोणी उघडत नाही. तो कोण आहे हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर नाही. या आराखड्यात तपासणीला जागा नाही; ठेवायची राहून गेली असे नव्हे, तिची कल्पनाच कोणाला नव्हती. आपल्याकडे गाव सोडून जाणाऱ्याला वेशीपर्यंत पोहोचवायला जाण्याची रीत होती. वेशीच्या आत गाव, बाहेर रस्ता, आणि मध्ये जरा थांबून निरोप. सारिनेन यांची ती खोलगट बैठक म्हणजे जेटयुगाची वेसच होती.

हा प्रवासी श्रीमंत होता, गोरा होता, त्याच्या अंगात कोट होता, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप बराचसा खरा आहे. १९६० मध्ये एअर इंडियाने लंडनमार्गे न्यूयॉर्कची बोइंग ७०७ ची सेवा सुरू केली, आणि १९६५ च्या अमेरिकी कायद्यानंतर पुण्या-मुंबईचे इंजिनियर व डॉक्टर त्या वाटेने जाऊ लागले. परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे खिशात मोजके आठ डॉलर घेऊन उतरल्याच्या कथा त्या पिढीच्या मराठी घरांतून आजही ऐकू येतात. त्यांच्या विमानाचे टर्मिनल वेगळे होते, आणि परदेशातून येणाऱ्याला आरोग्य, पारपत्र व जकात यांच्या रांगा तेव्हाही चुकल्या नव्हत्या. परक्याची झडती जुनीच आहे. नवी गोष्ट घडली ती ही की घरच्या माणसाचीही झडती सुरू झाली.

ती कशी सुरू झाली हा इतिहास आज विस्मरणात गेला आहे. सर्वांना ११ सप्टेंबर २००१ आठवतो. रांग मात्र त्याच्या जवळजवळ तीन दशके आधीची आहे. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत अमेरिकेत विमान-अपहरणाचे १३० हून अधिक प्रकार घडले. पुष्कळांना क्यूबाला जायचे असे, काहींना खंडणी हवी असे, काहींना नेमके काय हवे हे त्यांनाच ठाऊक नसे. १९६९ च्या ऑक्टोबर अखेरीस टीडब्ल्यूएच्याच एका विमानात एक तरुण सैनिक सुटे भाग करून सामानात ठेवलेली बंदूक घेऊन चढला, आणि कॅलिफोर्नियापासून थेट रोमपर्यंत विमान घेऊन गेला. वाटेत विमान केनेडी विमानतळावर थांबले होते. पोलीस जवळ येताच त्याने गोळी झाडली व विमान पुन्हा उडाले. त्या रात्री सारिनेन यांच्या टर्मिनलातली बैठक नेहमीसारखीच, कोणालाही खुली होती.

आजच्या वाचकाला नवल वाटेल, पण सर्वांची तपासणी करण्याला सर्वांत मोठा विरोध विमान कंपन्यांचाच होता. खर्च वाढेल, उशीर होईल, आणि संशयिताप्रमाणे वागवले तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकणार नाही, असे त्यांचे म्हणणे. यातला शेवटचा अंदाज साफ चुकला. १९७२ च्या नोव्हेंबरात अपहरणकर्त्यांनी एक विमान टेनेसीतल्या ओक रिज येथील अणुकेंद्रावर आदळण्याची धमकी दिली, तेव्हा सरकारचा धीर सुटला. ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली. अपहरणे झपाट्याने घटली, आणि प्रवासी मात्र घटले नाहीत. लोकांनी थोडी कुरकुर केली व ते रांगेत उभे राहिले. १९७५ च्या डिसेंबरात शेजारच्या ला गार्डिया विमानतळावर सामान ठेवण्याच्या कपाटांत बॉम्ब फुटून ११ माणसे ठार झाली, त्यानंतर विमानतळावर पिशवी निवांत ठेवून हिंडण्याची सोयही आक्रसत गेली. तेव्हा रांगेची सरसकट टवाळी करणे आम्हांस मान्य नाही. तिने माणसे वाचवली आहेत.

मात्र तिने वास्तूचे काय केले हे पाहिले पाहिजे. सारिनेन यांचेच दुसरे विमानतळ, वॉशिंग्टनचे डलेस, त्याच वर्षी म्हणजे १९६२ च्या नोव्हेंबरात सुरू झाले. तेथे त्यांनी माणसे पाठवून, हातात घड्याळे देऊन, प्रवासी किती चालतो आणि कोठे खोळंबतो याची मोजदाद करून घेतली होती. उत्तर काढले ते असे: प्रवाशाने चालूच नये, चाकांवरच्या दिवाणखान्यात बसावे आणि तो दिवाणखानाच विमानापर्यंत जावा. इमारत ६०० फूट लांब होती. १९९६ मध्ये तिच्याच रेषा पुढे नेऊन ती दुपटीहून अधिक केली गेली. डलेस आजही चालते विमानतळ आहे. परंतु २००१ नंतर झोळीसारख्या छताखालचे ते उदात्त दालन तपासणीच्या यंत्रांनी व दोरखंडांनी भरून गेले, आणि २००९ मध्ये खालच्या अंगाला प्रशस्त तपासणी-कक्ष बांधला तेव्हा कुठे त्याला थोडा श्वास घेता आला. चालण्याचे पाऊल न् पाऊल मोजणाऱ्या वास्तुकाराच्या हिशेबात बूट काढण्याचा वेळ नव्हता.

टीडब्ल्यूएचे टर्मिनल दुसऱ्या वाटेने गेले. खरे तर ते रांगेच्या आधीच अपुरे पडू लागले होते. लहान विमानांच्या मापाने कापलेला तो कपडा, आणि १९७० साली जंबो जेट आले. नवा पंख जोडला, छपरे टाकली, आडोसे उभारले. १९९४ मध्ये न्यूयॉर्क शहराने इमारतीला, आतून व बाहेरून, संरक्षित वारशाचा दर्जा दिला. २००१ मध्ये दिवाळखोर टीडब्ल्यूए अमेरिकन एअरलाइन्सने विकत घेतली आणि त्याच वर्षी टर्मिनल बंद झाले. २००८ मध्ये मागच्या बाजूस जेटब्ल्यू कंपनीचे टर्मिनल पाच उभे राहिले. जुनी इमारत त्याच्या कुशीत रिकामी पडून राहिली. वारशाचा शिक्का नसता तर काय झाले असते हे सांगायला साक्षीदार शेजारीच होते. आय. एम. पेई यांनी रचलेले काचेचे टर्मिनल २०११ मध्ये पाडले गेले. पॅन अ‍ॅमचे छत्रीसारख्या छताचे वर्ल्डपोर्ट २०१३ मध्ये. त्या पॅन अ‍ॅमच्या छत्रीसाठी आम्हांस विशेष वाईट वाटते. ती सुंदर नसेल, पण तिच्याखाली उभे राहून पावसात न भिजता विमानात चढता येत असे.

१५ मे २०१९ रोजी सारिनेन यांची इमारत हॉटेल म्हणून उघडली. दोन्ही बाजूंस मिळून ५१२ खोल्यांचे नवे पंख, आणि जुने दालन मूळ रूपात. लहान गोल फरश्या नव्याने घडवल्या, काचा बदलल्या, इटालियन फलक पुन्हा फडफडू लागला. अंगणात १९५८ चे एक कॉन्स्टेलेशन विमान आणून त्यात मद्यपानगृह केले आहे. हा शेवटचा प्रकार आम्हांस थोडा बाजारू वाटतो, परंतु जीर्णोद्धाराचे काम म्हणून एकूण प्रयत्न प्रामाणिक आहे. डागडुजी करताना नव्याला जुन्याचा मुखवटा चढवण्याचा मोह पुष्कळदा होतो. येथे नव्या खोल्या काळसर काचेच्या साध्या भिंतींमागे मुकाट उभ्या आहेत.

विलक्षण गोष्ट अशी, की या दालनात आज कोणीही जाऊ शकतो. तिकीट लागत नाही, ओळखपत्र लागत नाही. भारतीय वाचकाला तर हे अधिकच जाणवेल, कारण आपल्याकडे विमानतळाच्या दाराशीच बंदुकधारी जवान तिकीट व ओळखपत्र पाहतो, आणि निरोप रस्त्याच्या कडेला, हॉर्नच्या गोंगाटात उरकावा लागतो. अमेरिकेत २००१ पर्यंत नातलगांना तपासणी करून थेट दारापर्यंत जाता येत असे. तेही त्या वर्षी थांबले. सारिनेन यांच्या बैठकीत मात्र माणसे पुन्हा जोडीने बसून काचेतून बाहेर पाहतात. हे शक्य झाले आहे ते येथून विमान सुटत नाही म्हणून. ही इमारत विमानतळ राहिली असती तर त्या लाल गालिच्यावर आज क्ष-किरण यंत्र असते. मग वाचले ते काय, टर्मिनल की टर्मिनलाचे चित्र? आम्ही हा प्रश्न आपसांत पुष्कळ घोळवला, आणि आमच्यात एकमत झाले नाही. आमच्यापैकी एकाच्या मते वापर गेला की वास्तूचा प्राणच गेला. दुसऱ्याचे उत्तर असे की वाडे पडताना पाहिलेल्या माणसाला असली चिकित्सा परवडत नाही. आधी भिंत उभी राहू दे.

बोगदे अजून आहेत. लाल गालिच्यावरून, किंचित चढ चढत, त्या पांढऱ्या नळीतून चालत गेले की शेवटी उद्वाहक लागतो आणि तो टर्मिनल पाचमध्ये नेतो. तेथे पट्टे, पेट्या, यंत्रे. २००६ पासून सर्वांना सक्तीचे असलेले बूट काढणे अमेरिकेने २०२५ च्या जुलैत बंद केले, त्यामुळे ही रांग आता थोडी भरभर सरकते.