एकशे साठ आणि सत्तर

तारेच्या काळात मजकुराला शब्दागणिक पैसे पडत. "मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली" या चार शब्दांत घरची सगळी कहाणी बसवायची सवय आपल्या दोन-तीन पिढ्यांना लागली होती. भारतात तार १८५५ साली सर्वसामान्यांना खुली झाली आणि २०१३ च्या जुलैत बंद झाली. तोवर मोबाइलचा मेसेज घरोघर पोचला होता, आणि तिथे शब्दांऐवजी अक्षरं मोजली जात होती. ही मोजणी आली कुठून, ती गोष्ट मजेशीर आहे, आणि मराठी माणसाच्या खिशाशी तिचा संबंध आहे, म्हणून लिहितो.

१९८५ साली जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रांट नावाचे गृहस्थ टाइपरायटरवर मनात येतील ती वाक्यं टाइप करून त्यातली अक्षरं, विरामचिन्हं, मोकळ्या जागा मोजत बसले होते. जवळजवळ प्रत्येक मजकूर एकशे साठाच्या आत बसत होता. पोस्टकार्डावर आणि टेलेक्सवरही लोक फार लांबण लावत नाहीत, हे त्यांनी पाहिलं. मेसेजसाठी वेगळी वाट बांधायची नव्हतीच. फोन जोडताना यंत्रं आपसात ज्या खाणाखुणा करतात, त्यांची वाट बराच वेळ रिकामी असते. तिथूनच हा मजकूर न्यायचा होता. जागा मिळाली १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. एका अक्षराला सात बिट धरले की बरोबर १६० अक्षरं. ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडात पहिला मेसेज गेला, नाताळच्या शुभेच्छांचा.

आता सात बिटांत खुणा बसतात १२८. त्या कोणत्या, हे युरोपातल्या मंडळींनी आपल्या गरजेप्रमाणे ठरवलं. त्यात पौंडाचं चिन्ह आहे, येनचं आहे, ग्रीकांची काही मोठी अक्षरं आहेत. देवनागरी नाही. आपल्या रुपयाचं चिन्ह तर २०१० साली जन्मलं, ते कुठून असणार! यादीबाहेरचं एक जरी चिन्ह आलं, तरी अख्खा मेसेज सोळा बिटांच्या हिशेबाने जातो. ११२० भागिले १६, म्हणजे सत्तर. मेसेज त्याहून लांबला की त्याचे तुकडे होतात, जोडणीची खूण घालावी लागते म्हणून प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात, आणि पैसे तुकड्यागणिक.

हे सगळं मला कळलं ते भाच्यामुळे. त्याने दूध संकलन केंद्रासाठी एक छोटं सॉफ्टवेअर केलंय. दूध घातलं की लिटर, फॅट, दर, रक्कम हे उत्पादकाच्या मोबाइलवर गेलं पाहिजे. साध्या मेसेजनेच, कारण पुष्कळांकडे बटणांचे फोन. मराठी मजकूर करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. सर्वांत स्वस्त सेवा त्याने शोधली, मेसेजमागे १५ पैसे. दोनशे उत्पादक, दोन वेळा, तीस दिवस : बारा हजार मेसेज, १८०० रुपये. पण माझा मजकूर ऐंशीच्या वर गेला होता, म्हणजे ३६०० रुपये! तो म्हणाला, "मामा, सरळ इंग्रजीत पाठवू." मी म्हटलं, हिशेब ज्यांचा आहे त्यांना तो वाचता आला नाही, तर मापात काय लिहिलंय हे त्या बायकांनी विचारायचं कोणाला?

मग मोजायला बसलो. मोबाइलच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते 'स्त्री' तिथे सहा होतात. व्याकरण शिकवण्यात जन्म गेला, पण पाय मोडण्याचे पैसे पडतात हे ठाऊक नव्हतं. पण मराठी लांबलचक आहे म्हणून महाग, असंही नाही. 'ज्ञानेश्वर' देवनागरीत दहा होतं, रोमन लिपीत अकरा. पेटीच लहान दिली आहे, एवढंच.

मोठी पेटी कागदावर आहे बरं का. मेसेजच्या याच जागतिक नियमांत पुढे सात बिटांचे आणखी तक्ते घातले गेले, त्यात हिंदीचा, म्हणजे देवनागरीचाही आहे. तो चालला तर दीडशेच्या आसपास अक्षरं बसतील. पण पाठवणाऱ्याच्या यंत्रात आणि घेणाऱ्याच्या फोनमध्ये, दोन्हीकडे तो हवा. भाच्याला मिळालेल्या एकाही सेवेत तो नव्हता. त्यातून २०१८ च्या नियमांनुसार मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. मनात आलं म्हणून शब्द बदलला, असं चालत नाही.

तेव्हा कात्री आधीच लावली. 'नमस्कार' गेला, केंद्राचं नाव गेलं. उत्पादकाचं नाव काढताना मात्र भाचाही थांबला. उरलं ते असं : "सकाळ: म्हैस ६.५ लि. फॅट ७.२ दर ५८.४० रक्कम रु. ३७९.६०". मोजून त्रेपन्न. उरलेल्या सतरात सभासद क्रमांक आणि तारीख बसली. 'रक्कम' काढू का, असं त्याने विचारलं होतं. ते मी काढू दिलं नाही.